एका गाण्यापुरता लक्षात राहिलेला सोल गायक गेल्यावर काय करायचं

जुना अमेरिकन सोल गायक, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकांतल्या कृष्णवर्णीय अमेरिकन लोकप्रिय संगीताचा गायक, वारला की दोन दिवस त्याचं एकच गाणं सगळीकडे फिरतं. तीच दोन छायाचित्रं, तीच चार वाक्यं, आणि त्या चारांतलं एखादं हमखास चुकीचं. तिसऱ्या दिवशी सगळं शांत होतं. ज्यांचा त्याच्यावर खरा जीव होता त्यांचं काम तिथून पुढे सुरू होतं. त्याची नोंद बिनचूक करायची, त्यानं गायलेलं सगळं ऐकण्याजोगं करून ठेवायचं, कबरीवर नाव आहे का ते पाहायचं, आणि घरच्यांचे पैसे कुठे अडकले असतील तर वाट दाखवायची. यातलं बरंचसं काम पहिल्या वर्षातच करावं. तोवर सोबतचे वादक, स्टुडिओतली माणसं आणि भावंडं बोलायला तयार असतात.

बातमी आणि नाव पक्कं करा

मृत्यूच्या अफवा नेहमीच उठतात. दोन स्वतंत्र ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय एक ओळही लिहू नका. फ्युनरल होमची सूचना, स्थानिक वर्तमानपत्र आणि कुटुंबाचं निवेदन ही तीन ठिकाणं भरवशाची. दोन वेबसाइटनी एकमेकींवरून उचललेली बातमी ही एकच बातमी धरायची. अमेरिकेचा सोशल सिक्युरिटी डेथ इंडेक्स, म्हणजे मृत्यूंची सरकारी सूची, जुन्या मृत्यूंसाठी उपयोगी आहे, पण २०१४ पासून त्याच्या खुल्या प्रतीत अलीकडच्या तीन वर्षांतले मृत्यू दाखवले जात नाहीत. तिथे नाव सापडलं नाही म्हणून माणूस हयात आहे असं धरू नका.

जन्मसाल हमखास चुकतं. रेकॉर्ड कंपन्या गायकाचं वय प्रसिद्धीपत्रकात दोन-चार वर्षांनी कमी सांगत आणि पुढे तेच सगळीकडे छापलं जाई. यावर सगळ्यात चांगला इलाज म्हणजे चर्चमधल्या अंत्यविधीला वाटलेली छापील पुस्तिका. कृष्णवर्णीय अमेरिकन कुटुंबांत ही पुस्तिका फार मनापासून तयार करतात. पूर्ण नाव, जन्मतारीख, आईवडील, शाळा, लष्करातली नोकरी, कोणत्या चर्चच्या गायकवृंदात तो गायला, सगळं तिच्यात असतं. घरच्यांकडे तिची प्रत मागायची ती विधी होऊन काही आठवडे गेल्यावर, आणि एकदाच. गायक १९५० च्या आधी जन्मलेला असेल तर एप्रिल २०२२ मध्ये खुल्या झालेल्या १९५० च्या जनगणनेतही त्याचं कुटुंब शोधता येतं.

नावांचे घोटाळे वेगळेच. ‘डू आय लव्ह यू’ हे १९६५ चं गाणं गाणारे, मोटाउन या डेट्रॉइटच्या रेकॉर्ड कंपनीचे फ्रँक विल्सन २०१२ मध्ये वारले. टेक्सासचे जे. फ्रँक विल्सन हे निराळे गायक, ते १९९१ मध्येच गेले होते. अशा जोड्यांत एकाचं छायाचित्र दुसऱ्याच्या बातमीला सहज चिकटतं. त्यातच ब्रिटनमधल्या नॉर्दर्न सोलच्या, म्हणजे न गाजलेल्या अमेरिकन सोल तबकड्यांवर नाचणाऱ्यांच्या, नाचघरांत डीजे दुर्मिळ तबकडीच्या लेबलवर कागद चिकटवून खोटं नाव सांगत, म्हणजे दुसऱ्या डीजेला ती हुडकता येऊ नये. फ्रँक विल्सन यांचीच तबकडी विगन कॅसिनो या अशाच नाचघरात ‘एडी फॉस्टर’ या नावानं वाजत असे. सत्तरच्या दशकातली कॅसेट किंवा कुणाची जुनी यादी आधाराला घेत असाल तर प्रत्येक नाव मूळ लेबलशी ताडून पाहा.

एकच हिट कशावरून?

हा शिक्का बहुतेक वेळा बिलबोर्ड या अमेरिकन साप्ताहिकाच्या हॉट १०० या सर्वसाधारण लोकप्रियतेच्या यादीवरून बसतो, आणि सोल गायकासाठी ती मोजपट्टी अपुरी आहे. टिमी थॉमस यांचं १९७२ च्या अखेरीस आलेलं ‘व्हाय कान्ट वुई लिव्ह टुगेदर’ हॉट १०० वर तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं आणि आर अँड बी, म्हणजे कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या संगीताच्या, चार्टवर पहिलं आलं. गळा त्यांचा, ऑर्गन त्यांचाच, आणि ताल त्या ऑर्गनमध्येच बसवलेल्या यंत्राचा. २०२२ मध्ये ते गेले तेव्हा एवढंच सांगितलं गेलं. पण आर अँड बी चार्टवर त्यांचं नाव १९८४ मध्येसुद्धा होतं.

म्हणून दोन्ही चार्ट तपासा. एक खड्डा ध्यानात ठेवा. १९६३ च्या अखेरपासून जानेवारी १९६५ पर्यंत बिलबोर्डनं आर अँड बी चार्ट छापलाच नाही. त्या काळातल्या गायकासाठी कॅश बॉक्स या दुसऱ्या संगीत-व्यवसाय साप्ताहिकाचे अंक पाहावे लागतात. ऑगस्ट १९६९ मध्ये बिलबोर्डनं त्याच चार्टला ‘सोल’ हे नाव दिलं आणि १९८२ मध्ये ते बदलून ‘ब्लॅक’ केलं, त्यामुळे शोधताना तिन्ही नावांनी शोधा. शहरातल्या रेडिओ स्टेशनचे साप्ताहिक चार्टही बघण्यासारखे असतात. देशभर न चाललेलं गाणं डेट्रॉइट किंवा मेम्फिसमध्ये महिनाभर गाजलेलं असू शकतं, आणि त्या शहरातल्या लोकांसाठी तीच त्याची खरी ओळख असते.

तबकडी वाचणं

गायकाच्या सिंगल्सची, म्हणजे दर बाजूला एकच गाणं असलेल्या छोट्या तबकड्यांची, यादी हा या सगळ्या कामाचा कणा आहे. प्रत्येक सिंगलसाठी इतकं टिपा: लेबलचं, म्हणजे तबकडी काढणाऱ्या कंपनीचं नाव, क्रमांक, दोन्ही बाजूंची गाणी, कंसातल्या नावांसकट गीतकार, प्रकाशक, निर्माता, संगीत संयोजक, छापलेला वेळ, आणि लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्टीवर कोरलेली अक्षरं.

ही कोरी पट्टी फार बोलकी असते. टेबलदिव्याखाली तबकडी तिरकी धरली की अक्षरं दिसतात. मॅट्रिक्स क्रमांकावरून, म्हणजे कंपनीनं त्या मुद्रणाला दिलेल्या क्रमांकावरून, दोन्ही बाजू एकाच सत्रात मुद्रित झाल्या का याचा अंदाज येतो. लेबलचे मॅट्रिक्स सलग असतील आणि एका बाजूचा क्रमांक पन्नासनं मागे असेल, तर ती बाजू बहुधा जुन्या सत्रातली उरलेली आहे. त्रिकोणाचं चिन्ह आणि पुढे आकडा असेल तर तबकडी लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्यातली. हे आकडे वर्षांमागून वर्षं चढत गेलेले असल्यामुळे त्यांवरून छपाईचा काळ ठरवता येतो. ‘एआरपी’ ही इंग्रजी अक्षरं डेट्रॉइटच्या आर्चर कारखान्याची. ‘बेल साउंड’ असा ठसा असेल तर मास्टर, म्हणजे प्रती काढायची मूळ तबकडी, न्यूयॉर्कच्या त्या स्टुडिओत कापलेलं. हे ठसे असायला हवेत तिथे नसतील, लेबलची छपाई किंचित धुरकट असेल आणि तबकडी नेहमीपेक्षा जाड असेल, तर ती सत्तरच्या दशकात नॉर्दर्न सोलच्या बाजारासाठी काढलेली नक्कल असण्याची शक्यता मोठी. यादीत नक्कल मूळ म्हणून शिरली की साल चुकतं आणि मग ते निस्तरत बसावं लागतं.

पाठची बाजू कधीही गाळू नका. किंग फ्लॉइड यांचं १९७० चं ‘ग्रूव्ह मी’ मुळात पाठच्याच बाजूला होतं. न्यू ऑर्लिन्सच्या रेडिओवर तबकडी उलटून वाजवली गेली आणि गाणं आर अँड बी चार्टवर पहिलं आलं. रेडिओसाठीच्या पांढऱ्या लेबलच्या प्रतींवर दोन्हीकडे अनेकदा एकच गाणं असतं, एकीकडे मोनो आणि दुसरीकडे स्टीरिओ. अशी एकच प्रत हाताशी असेल तर विक्रीची प्रत मिळेपर्यंत त्या सिंगलची नोंद अर्धवटच समजा.

लेबलवर छापलेल्या वेळेवर विसंबू नका. रेडिओवाल्यांनी गाणं लांब म्हणून बाजूला टाकू नये यासाठी तो कमी करून छापत. गीतकारांची नावंही वादाची असतात. डॅरेल बँक्स यांच्या १९६६ च्या ‘ओपन द डोअर टु युअर हार्ट’वर डॉनी एल्बर्ट यांनीही हक्क सांगितला होता. त्यामुळे लेबलवरचं नाव आणि बीएमआय किंवा एएससीएपी या गीतकारांचे पैसे गोळा करणाऱ्या अमेरिकन संस्थांच्या खुल्या नोंदीतलं नाव, दोन्ही लिहा. जिथे फरक दिसेल तिथे फरक आहे असंच लिहा. निवाडा करायला बसू नका.

आणि सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे पुन्हा मुद्रित केलेलं तेच गाणं. एक हिट असलेल्या गायकांकडून पुढच्या दशकांत स्वस्त संकलनांसाठी तेच गाणं नव्यानं गाऊन घेतलं जाई, कारण मूळ मास्टर, म्हणजे मूळ मुद्रण, कंपनीच्या ताब्यात असे. स्ट्रीमिंगवर बऱ्याचदा हीच आवृत्ती आधी सापडते. मूळ सिंगल शेजारी लावून तीन गोष्टी बघा: सुरुवातीचे चार ठेके, पाठीमागच्या गायिकांचे आवाज, आणि गाणं हळूहळू विरतं की ठाशीव संपतं. ऐंशीच्या दशकातला कीबोर्ड पहिल्या पाच सेकंदांत ओळखू येतो. नवी आवृत्ती वाईटच असते असं नाही, पण श्रद्धांजलीत ती मूळ म्हणून लावली तर गायकावर अन्याय होतो.

धुणं आणि उतरवून घेणं

सिंगल व्हिनाइलची आहे की स्टायरीनची (दोन्ही प्लास्टिकचेच प्रकार) हे आधी ओळखा. स्टायरीनची तबकडी कडक असते, टिचकी मारली की चढा, कोरडा आवाज येतो, आणि लेबल बहुधा वरून चिकटवलेलं असतं. व्हिनाइलमध्ये लेबल दाबातच बसलेलं असतं. स्टायरीन पटकन झिजतं. डीजेनं सुई ठेवून तबकडी मागेपुढे फिरवली की पहिल्या काही सेकंदांच्या खाचा खरवडल्या जातात आणि गाण्याच्या तोंडालाच खरखर येते. ही खरखर धुऊन जात नाही. रेडिओच्या प्रतींत ती जास्त आढळते, म्हणून उतरवून घ्यायला दुकानातून विकली गेलेली प्रत मिळाली तर तीच घ्या.

धुण्यासाठी एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात छायाचित्रं धुताना वापरतात त्या वेटिंग एजंटचे दोन-तीन थेंब पुरतात. जास्त घातलं तर खाचेत थर उरतो आणि सुईवर पांढरट गोळा जमतो. स्टायरीनला अल्कोहोल लावू नका. लेबल कोरडं ठेवून मऊ कापडानं खाचेच्या दिशेनं गोल पुसा, आडवं कधीच नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं परत पुसा आणि तबकडी उभी ठेवून पूर्ण वाळू द्या. ओलसर खाचेवर सुई ठेवली तर सुटलेला मळ पुन्हा खाचेतच दाबला जातो.

साठच्या दशकातल्या मोनो सिंगलसाठी गोल टोकाची सुई घ्या. साधारण १८ मायक्रॉनची चालते. खाच वर झिजलेली असेल तर बारीक सुई आणखी खाली, न झिजलेल्या भागात बसते, आणि तळाशी मळ असेल तर २५ मायक्रॉनची वर राहते. दोन्ही लावून पाहून ठरवा. सुईचा दाब कार्ट्रिजच्या, म्हणजे सुई बसवलेल्या भागाच्या, कंपनीनं सांगितलेल्या मर्यादेत, पण वरच्या टोकाकडे ठेवा. हलका दाब तबकडीला जपतो हा गैरसमज आहे. सुई खाचेत उड्या मारते आणि जास्त ओरखडते.

रेकॉर्डिंग २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झवर, वेव्ह फाइलमध्ये करा. सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. गाणं मोनो असलं तरी उतरवताना दोन्ही चॅनल ठेवा. मग डावा आणि उजवा वेगवेगळे ऐका. खाचेची एक भिंत दुसरीपेक्षा कमी झिजलेली असते, त्यामुळे बऱ्याचदा एकच चॅनल कितीतरी स्वच्छ निघतो. तेव्हा तो एकटा घ्या. दोन्ही सारखे असतील तर एकत्र करून मोनो करा, वरखाली हलण्यातून येणारा आवाज त्यात कटतो. टिकटिक हातानं काढा, एकेक. सरसकट फिल्टर लावला की आधी झांजा जातात, मग गायकाचा श्वास जातो, आणि सोलमध्ये श्वास गेला म्हणजे बरंच काही गेलं. काहीही न केलेली मूळ फाइल कायम वेगळी ठेवा.

ऐकण्याची सभा

त्या काळातलं सिंगल अडीच ते तीन मिनिटांचं. मधे थोडं बोलणं धरलं तर तासाभरात पंधरा-सोळा बाजू होतात, आणि बहुतेक गायकांचं निम्म्याहून जास्त काम त्यात बसतं. हिट गाणं पहिलं लावू नका, लोक तिथेच समाधान पावतात. शेवटी ठेवलं तर आधीचं सगळं वाट बघण्यात जातं. मध्याच्या जरा आधी लावा आणि लगेच त्याच्या मागून आलेलं, न चाललेलं सिंगल लावा. कंपनीनं हिटचाच साचा कसा पुन्हा वापरला, तोच ठेका, तसाच ब्रासचा, म्हणजे ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांचा, तुकडा, हे लोकांना आपोआप ऐकू येतं. त्यानंतर पाठच्या बाजूच्या संथ गाण्यांना जागा द्या. आवाज तिथे मोकळा असतो. बोलणं प्रत्येक तबकडीआधी अर्धा मिनिट, स्टुडिओ आणि वादक सांगण्यापुरतं.

सार्वजनिक जागी सभा असेल तर जागेकडे परवाना आहे का विचारा. अमेरिकेत एएससीएपी आणि बीएमआय यांचा, ब्रिटनमध्ये पीआरएस आणि पीपीएल यांचा २०१८ पासूनचा एकत्र परवाना. थेट प्रक्षेपणाला जागेचा परवाना लागू पडत नाही, आणि मधेच आवाज बंद केला जाऊ शकतो.

लिखाणाबद्दल थोडक्यात. पाचशे-सहाशे शब्द पुरेत. मृत्यूचं कारण कुटुंबानं सांगितलं असेल तरच लिहा. ‘वन हिट वंडर’ मथळ्यात घालू नका. पूर्ण यादी सोबत जोडा, पुढे लोक तीच शोधत येतात.

कबरीवरचं नाव

हे काम चाहत्यांनीच करावं लागतं असं अनेकदा घडलं आहे. डॅरेल बँक्स १९७० मध्ये डेट्रॉइटमध्ये गोळी लागून गेले. त्यांच्या कबरीवर कित्येक वर्षं खूणच नव्हती. २००४ मध्ये ठिकठिकाणच्या चाहत्यांनी वर्गणी काढून तिथे कांस्याची पाटी बसवली. त्याच गायकाच्या गाजलेल्या सिंगलची लंडन लेबलची एक ब्रिटिश प्रत २०१४ मध्ये लिलावात चौदा हजार पौंडांहून जास्त किमतीला गेली.

दफनभूमीच्या कार्यालयाला फोन करताना मंचावरचं नाव सांगून उपयोग नाही. कायदेशीर नाव आणि मृत्यूची तारीख सांगा. विभाग, ओळ आणि कबर क्रमांक लिहून घ्या. त्या जागेचा हक्क कुणाच्या नावावर आहे ते विचारा, कारण त्या व्यक्तीच्या किंवा जवळच्या वारसाच्या लेखी संमतीशिवाय काहीच बसवता येत नाही. मग नियमावली मागा: जमिनीलगतचीच पाटी चालते की उभी शिळा, कांस्य की ग्रॅनाइट, जास्तीत जास्त माप किती, आणि बसवण्याचं शुल्क किती. हा शेवटचा खर्च लोक विसरतात आणि वर्गणी अपुरी पडते. जमिनीलगतच्या पाटीचं नेहमीचं माप २४ बाय १२ इंच.

गायकानं अमेरिकन सैन्यात नोकरी केली असेल तर आधी थांबा. पात्र माजी सैनिकाच्या कबरीवर खूण नसेल तर व्हेटरन्स अफेअर्स विभाग पाटी किंवा शिळा मोफत देतो. त्यासाठी ४०-१३३० क्रमांकाचा अर्ज आणि सेवामुक्तीचा कागद लागतो. बसवण्याचा खर्च खासगी दफनभूमीत आपल्याला करावा लागतो.

पाटीवर दोन्ही नावं घ्या, कायदेशीर आणि गाण्यातलं. गाण्याचं शीर्षक कोरायला परवानगी लागत नाही, शीर्षकावर कॉपीराइट नसतो. गाण्याची ओळ कोरायची तर प्रकाशकाची लेखी परवानगी हवी, आणि लेबलचं बोधचिन्ह हवं असेल तर त्याच्या मालकाची. ओतकामाआधी येणारा नमुना दोन वेगळ्या माणसांनी जन्मदाखल्याशी ताडावा. ओतलेला आकडा दुरुस्त होत नाही. वर्गणी शक्यतो थेट दफनभूमीच्या किंवा शिळा घडवणाऱ्याच्या खात्यात जाऊ द्या, आणि काम झाल्यावर अंतिम बिल सगळ्यांना दाखवा.

घरच्यांचे पैसे

जुनी तबकडी विकत घेतली तर कुटुंबाला काही मिळत नाही. अमेरिकेत एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं तर गीतकार आणि प्रकाशकाला पैसे मिळतात, गायकाला नाही. उपग्रह आणि इंटरनेट रेडिओचं मात्र वेगळं आहे. तिथले पैसे साउंडएक्स्चेंज ही संस्था गोळा करते: ५० टक्के मास्टरच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य गायकाला, ५ टक्के साथीदारांच्या निधीला. १९७२ पूर्वीच्या मुद्रणांनाही २०१८ च्या कायद्यानं हा हक्क मिळाला. साठच्या दशकातल्या गायकाची नोंदणी तिथे नसणं मुळीच नवल नाही. वारस मृत्यूचा दाखला आणि वारसाहक्काचे कागद देऊन नोंदणी करू शकतात, आणि ती लवकर करावी, कारण दावा न केलेली रक्कम कायम राखून ठेवली जात नाही.

गायकानं गाणं स्वतः लिहिलं असेल तर आणखी एक दार आहे. १९७८ पूर्वी प्रकाशकाला दिलेला गाण्याचा हक्क, कॉपीराइट मिळाल्यापासून ५६ वर्षांनी उघडणाऱ्या पाच वर्षांच्या मुदतीत, लेखक किंवा त्याचे वारस परत मागू शकतात. नोटीस किमान दोन वर्षं आधी द्यावी लागते. १९७० च्या गाण्यासाठी ही मुदत २०२६ ते २०३१, म्हणजे नोटीस २०२९ च्या आत जायला हवी. हे काम वकिलाचं आहे. चाहत्यांनी तारखा, लेबलची छायाचित्रं आणि गीतकाराच्या नोंदी एकत्र करून कुटुंबाच्या हाती द्याव्यात, आणि स्वतःच्या नावावर कोणताही अधिकारपत्राचा कागद करून घेऊ नये.

यादी, फाइली आणि पुस्तिकेची प्रत यांचा एक संच अभिलेखागारात द्या. डेट्रॉइट पब्लिक लायब्ररीचा हॅकली संग्रह, ब्लूमिंग्टनच्या इंडियाना विद्यापीठातला आफ्रिकन अमेरिकन संगीत आणि संस्कृतीचा संग्रह, किंवा ओहायोतल्या बोलिंग ग्रीन विद्यापीठाचा ध्वनिसंग्रह, गायकाचं शहर बघून ठरवा. पाठवण्याआधी पत्र लिहून ते काय घेतात हे विचारा. फाइलीच्या नावात लेबल, क्रमांक, बाजू आणि कोऱ्या पट्टीवरची अक्षरं असू द्या, आणि कोणत्या प्रतीवरून, कोणत्या सुईनं उतरवलं हे प्रत्येक फाइलीसोबत वेगळ्या मजकुरात लिहून ठेवा.